पालेगावच्या ओढ्यातली मगर

मामाच्या ओटीवर त्याच्या मुलाने, कैलासने, मोबाइल खुर्चीच्या हातावर उभा ठेवला आणि बटण दाबलं. टीव्हीवर बातम्यांच्या आधी वाजतं तसलं संगीत वाजलं. ते खाली गेल्यावर एका बाईचा स्वच्छ, ठाम आवाज आला.

"नमस्कार. हाती आलेल्या वृत्तानुसार पालेगाव परिसरातील शेतजमिनींवर लवकरच सरकारी आरक्षण पडणार असून त्यानंतर या जमिनींचे खरेदी-विक्री व्यवहार पूर्णपणे बंद होणार आहेत. जमीनधारकांनी वेळीच निर्णय घ्यावा, असं जाणकारांचं मत आहे."

"वळखलास काय आवाज?" बाळाजीमामाने विचारलं. कौतुक त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं.

शलाकाने ओळखला होता. आवाज तिचाच होता.

"आख्ख्या पालेगावला ऐकवला," मामा म्हणाला. "सगल्यांना सांगितलं, ही माजी भाची. बदलापूरची. आता बातम्या देते. किसनने तर तीनदा ऐकला. मंग म्हनला, घरचंच मानूस सांगतंय, म्हंजे खोटं कशाला असंल?"

किसनचं शेत मामाच्या शेताला लागून होतं. त्याने ते मागच्या आठवड्यात 'हरितबन' नावाच्या टाउनशिपला विकलं होतं. येत्या सोमवारी मामाची पाळी होती. टाउनशिपसाठी जमिनी गोळा करणारे एजंट शंकरराव सकाळी गाडी घेऊन येणार होते आणि निबंधक कचेरीत सह्या व्हायच्या होत्या. अंजनीमामी दाराशी बसून वालाच्या शेंगा सोलत होती. ओढ्याकाठच्या त्या तुकड्यात पावसाळ्यात भात आणि नंतर भाजी निघायची, आणि ती भाजी अंबरनाथच्या बाजारात नेऊन विकणं हे लग्न झाल्यापासून मामीचं काम होतं. विकायचं की ठेवायचं, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"मामा, मी बातम्या देत नाही," शलाका म्हणाली. "मी रिक्षावरच्या जाहिराती वाचते. भोंगा लावून फिरतात ना, त्या. जीन्सचा सेल, चादरींचं प्रदर्शन, क्लासचे प्रवेश. ते कागद देतात, मी वाचते."

"हा पन वाचलास ना?"

"वाचला असेल. दिवसाला दहा-बारा वाचते. आठवत नाही."

"म्हंजे कागद होता."

"होता."

"मंग? लिवल्याशिवाय कोन वाचायला देतं? आनि खोटं असतं तर तू वाचलं असतंस काय?"

मामाच्या बोलण्यातली अडचण अशी होती की त्यात तिच्यावर पूर्ण विश्वास होता.

"कैलास, तुला कुठून मिळालं हे?"

"कंपनीच्या कॅन्टीनमध्ये," कैलास म्हणाला. तो अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला होता. "ब्लूटूथने आलं. सगळ्यांकडे आहे. मी तर फुल कॉलर टाइट, बोललो ही माझी ताई आहे."

"पुन्हा लाव."

तिने डोळे मिटून ऐकलं. 'वृत्तानुसार' नंतर 'पालेगाव' हा शब्द आला तो जरा वरच्या पट्टीत, थोडा आनंदी. पुढचं वाक्य परत खाली. भाताच्या घासात खडा लागावा तसा तो शब्द तिला लागला. इतर कुणाला लागणं शक्य नव्हतं.

"मामा, हा शब्द वेगळा आहे. नंतर चिकटवलाय. नीट ऐक."

मामाने कान देऊन ऐकलं. "मना तर सारखंच वाटतं," तो म्हणाला. "तुजाच आवाज हाय ना दोन्ही? मंग झालं."

*

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये हासानंद सेठची रेकॉर्डिंगची खोली एका मोबाइल दुकानाच्या वर होती. भिंतींना गाद्यांचा फोम लावलेला. आजूबाजूला जीन्सच्या कारखान्यांची मशीनं दिवसभर चालत, म्हणून खिडकीही आतून बुजवलेली. हासानंद सेठना सगळे हासूभाई म्हणत.

हासूभाईंची एक पद्धत होती. जाहिरातीचं वाक्य एकदाच रेकॉर्ड करायचं आणि गावाचं नाव मोकळं ठेवायचं. गावांची, चौकांची, कॅम्पांची नावं त्यांनी शलाकाकडून एका दिवशी ओळीने म्हणून घेतली होती. तीच कॉम्प्युटरवर साठवलेली. चादरींचं प्रदर्शन आज शहाडला असेल तर शहाड जोडायचं, उद्या बदलापूरला गेलं तर बदलापूर. गिऱ्हाइकाचा वेळ वाचे, शलाकाचा घसाही.

'पालेगाव' हा शब्द त्या साठ्यातला होता. तो म्हणताना तिच्या मनात चादरी होत्या.

"हासूभाई, हा कागद कुणी आणला होता?"

हासूभाईंनी मोबाइल कानाला लावून ऐकलं. "हां, ये. हरितबनवाले. बोले, प्रदर्शन में स्टॉल है, न्यूज टाइप नमुना चाहिए. मैंने भी सोचा, अच्छा है, कुछ नया."

"हे गावोगाव फिरतंय. लोक जमिनी विकतायत."

"बेटी, मैं तो दर्जी आदमी. कपडा गिऱ्हाईक का, माप गिऱ्हाईक का. पहनके वो शादी में जाए की चोरी को, मुझे क्या मालूम?"

"माझ्या मामाची जमीन आहे त्यात."

हासूभाईंनी चष्मा काढला आणि शर्टाला पुसला. "मैं उनको बोल नहीं सकता की वापस लो," ते शेवटी म्हणाले. "मोबाइल में गया सो गया. अपने हाथ में क्या है? नीचे जा. वो अंबरनाथवाला नरेंद्र है ना, जो कार्ड में बातें भरता है, उससे मिल. उसका धंदाच ये है. धंदा म्हणजे... मिळत काही नाही त्याला."

*

नरेंद्रच्या कार्यक्रमाचं नाव 'ऐकीव' होतं. अंबरनाथच्या एका रासायनिक कंपनीत तो भांडार सांभाळत होता. पॉडकास्ट हा प्रकार त्याला दोन वर्षांपूर्वी, २००६ मध्ये, सायबर कॅफेत सापडला: कुणीही घरात बसून बोलायचं, इंटरनेटवर ठेवायचं, ज्याला हवं त्याने उतरवून घ्यायचं. त्याने सुरू केला तेव्हा इंटरनेटवर ऐकणारे बोटांवर मोजण्याइतके निघाले. मग तो हासूभाईंच्या खोलीखालच्या मोबाइल दुकानात गेला. दुकानदार मेमरी कार्डात गाणी भरून देत असे. त्याने गाण्यांबरोबर 'ऐकीव'चा ताजा भाग फुकट भरायला सुरुवात केली. जीन्सच्या कारखान्यांत दिवसभर स्पीकर चालू असतो. तीनशे गाणी संपेपर्यंत मध्ये कधीतरी नरेंद्र बोलू लागे, आणि हात गुंतलेले असल्यामुळे कुणी उठून तो बदलत नसे. त्याचे बहुतेक श्रोते असे मिळाले होते.

लाल रंगाच्या नंबरावरून आलेला फोन उचलला की माणूस मरतो, अशी अफवा उठली तेव्हा त्याने एक भाग केला होता. अकरा जणांना मेसेज पाठवला नाही तर नोकरी जाते, त्यावर एक. प्रत्येक भागाच्या शेवटी तो तीन प्रश्न विचारी: हे कोण सांगतंय? त्याला कसं कळलं? आणि आपण मानलं तर फायदा कुणाचा?

शलाकाचं सगळं त्याने मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"आरक्षणाचं खरं आहे की खोटं, ते तुम्हाला माहीत आहे?" त्याने विचारलं.

"खोटंच असणार."

"माहीत आहे का, असं विचारलं."

"नाही."

"मलाही नाही. म्हणजे खोटं आहे असं आपण म्हणायचं नाही. आवाज तुमचा, शब्द जोडलेला आणि कागद जमीन विकत घेणाऱ्यांचा, एवढंच आपल्याला माहीत आहे. तेवढंच बोला."

ती तेवढंच बोलली. भाग दहा मिनिटांचा झाला. मूळ वाक्य, साठ्यातला शब्द, चादरींच्या जाहिरातीतला तोच शब्द, सगळं शेजारी शेजारी ठेवलं. मंगळवारी तो भाग दुकानात गेला, बुधवारी कैलासने तो पालेगावात नेला.

गुरुवारी सकाळी मामीचा फोन आला.

"काय सांगू पोरी. मामा जेवला नाय काल."

"का? ऐकलं नाही का त्याने?"

"ऐकलं ना. शंकरराव पन ऐकून गेला. तो बोलतो, पोरीला कोनीतरी दाबलीय. दुसऱ्या पार्टीने. आधी खरं बोलली, आता घाबरून फिरवलं. देवळात पन लोक तेच बोलतात. मामा म्हनतो, सगल्यांना छाती काढून सांगितलं माजी भाची, आनि आता तोंड कुठं दाखवू?"

"मामी, तुला काय वाटतं?"

"मना कोन इचारतंय," मामी म्हणाली आणि फोन ठेवला.

शलाका कामावरून सरळ नरेंद्रकडे गेली. ती चिडलेली होती. "तुमचे तीन प्रश्न मामाने माझ्यावरच फिरवले. ही कोण सांगणारी, हिला कसं कळलं, हिचा फायदा काय. फुकट गेलं सगळं."

"फिरवले म्हणजे वापरले तरी," नरेंद्र म्हणाला.

"मस्करी नको, दादा. सोमवारी सही आहे."

"चूक माझी आहे," नरेंद्र म्हणाला. "त्यांच्याकडे तुमचा आवाज होता, आपणही तुमचाच आवाज वापरला. एक आवाज म्हणतो विका, तोच आवाज म्हणतो थांबा. ऐकणाऱ्याने काय करायचं? आपण त्यांना आणखी एक बातमी दिली. बातमी बनते कशी, हे त्यांनी हाताने करून बघितलेलंच नाही. आज संध्याकाळी जाऊ या?"

"कुठे?"

"तुमच्या मामांकडे."

*

कंपनीने मोडीत काढलेला एक लॅपटॉप नरेंद्रकडे होता. तो आणि एक माइक पिशवीत घालून दोघं शेअर रिक्षाने पालेगावात उतरले. अर्धं गाव अजून शेत होतं आणि उरलेल्या अर्ध्यात इमारतींचे खांब उभे होते. मामा ओटीवरच होता. शलाकाकडे त्याने पाहिलं नाही.

"हे कोन?"

"नरेंद्र," नरेंद्र म्हणाला.

"आडनाव?"

नरेंद्रने सांगितलं. मामा क्षणभर थांबला, मग खुर्चीकडे हात करून म्हणाला, "बसा." मामीने चहा टाकला.

"मी तुम्हाला काही समजवायला आलेलो नाही," नरेंद्र म्हणाला. "तुमच्या भाचीचा आवाज चांगला आहे की तुमचा, एवढं बघायचंय."

"माजा? माजा आवाज ओढ्यापलीकडे जातो. बैल थांबवायचो मी हितून."

"मग एक बातमी द्या."

"कसली?"

"तुम्हाला वाटेल ती. फक्त खरी नको."

मामाला गंमत वाटली. लग्नात, जत्रेत नकला करणारा माणूस होता तो. रागात किती वेळ बसणार? त्याने माइक हातात धरला, घसा साफ केला.

"नमस्कार. पालेगावच्या ओढ्यात सरकार मगरी पालनार हाय. पन्नास मगरी. पैली मगर काल टेम्पोतून आलेली हाय."

ओटीवर कैलास हसून लोळला. नरेंद्र हसला नाही. "जाणकार राहिले," तो म्हणाला.

"हां. जानकारांचं मत असं हाय की, मगर गरीब असती. पन बायांनी धुनी धुवाय जाऊ नये."

नरेंद्रने लॅपटॉपवर थोडं काम केलं. हशा काढला, आवाज जरा जाड केला, 'हाय'च्या दोन ठिकाणी कात्री लावली आणि सुरुवातीला बातम्यांचं तेच संगीत जोडलं. मग ऐकवलं.

मामा हसता हसता थांबला. दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. "हा मी हाय?"

"तूच," शलाका म्हणाली.

"लय मोठा मानूस वाटतो, नाय काय?" त्याने मामीकडे पाहिलं. मामी म्हणाली, "मोठा कुठला, खोटा वाटतो," आणि कप उचलून आत गेली.

"आता सांग मामा," शलाका म्हणाली, "माझी बातमी आणि ही, फरक काय?"

मामाने विचार केला. "फरक हाय. ही मस्करी. मना म्हाईत हाय ही मस्करी हाय. तुजी मस्करी नवती." त्याने माइक परत दिला. "सोमवारी गाडी येनार हाय. शब्द दिलाय मी शंकररावला."

शलाका आणि नरेंद्र शेअर रिक्षाने परतले. निघण्याआधी कैलासने ती मगर ब्लूटूथने आपल्या मोबाइलवर घेतली होती, हे त्यांना माहीत नव्हतं.

*

कैलासने ती कॅन्टीनमधल्या एकाच मित्राला दिली, मजा म्हणून. मित्राने पुढे देताना मजा म्हणून असं सांगितलं की नाही, ते कुणालाच कळलं नाही.

शनिवारी बाळाजीमामा खताची रिकामी पोती विकून अंबरनाथहून येत होता. शेअर रिक्षात शेजारी बसलेला एक अनोळखी माणूस चालकाला म्हणाला, "पालेगावला उतरताना संभालके हां. उधर मगरमच्छ छोडा है."

मामाने मान वळवली. "कोन बोललं?"

"न्यूज में आया ना."

"अरे, ते मी केलेलं हाय."

माणसाने त्याला वरून खालपर्यंत पाहिलं आणि चालकाकडे बघून हसला.

गावात शिरताना ओढ्यावर धुणं दिसलं नाही. गावातली सखू आणि आणखी दोघी बादल्या घेऊन मामाच्या बोअरिंगवर बसल्या होत्या.

"हे काय गो, ओढा आटला काय?"

"आटंल कशाला. मगर हाय," सखू म्हणाली. "सरकारने सोडलीय. पन्नास सोडनार."

मामा मोठ्याने हसला. "येडी झालीस काय? ती बातमी मी दिली. हितं बसून, ओटीवर. कैलासला इचार."

"तू?" सखूने कपडा पिळायचा थांबवला. "तुला कोन इचारतंय बातम्या द्यायला? जानकारांनी सांगितलंय."

"जानकार पन मीच!"

"हो, तू जानकार," सखू म्हणाली आणि तिघी हसल्या. "आनि मंग किसनने रात्री पान्यात काय बघितलं? फळी होती काय?"

मामा घरात गेला नाही. किसनकडे गेला. किसन म्हणाला, काळं काहीतरी होतं खरं, लांबडं. मामाने त्याला शपथ घालून सांगितलं की मगर त्याने स्वतः रचली, जाड आवाज कॉम्प्युटरवाल्याने दिला, मागे बाजा लावला. किसनने सगळं ऐकलं. मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "बाळाजी, तुला कोनी गप बसायला सांगितलंय काय?"

संध्याकाळी शलाकाला फोन आला. मामा नेहमी ओरडून बोलायचा. त्या दिवशी हळू बोलत होता.

"पोरी, तू मना सांगितलंस ना, का हे चिकटवलेलं हाय म्हनून."

"हो."

"मना वाटलं तुला कोनी दाबली." तो थांबला. "आज सगले मना तेच बोलतात. माजंच खोटं हाय, मीच सांगतोय खोटं हाय, आनि कोनी ऐकंना. बाजा काय लावतात रे, मानसाच्या डोक्यातच जातो. उद्या ये."

"नरेंद्रदादाला आणू?"

"आन. आनि त्याला सांग, ती मगर पैली काढा म्हनावं. बाया माजं पानी संपवतात."

नरेंद्रने दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मगरीचा भाग केला. या वेळी मामाने पहिल्यापासून सगळं सांगितलं: काय रचलं, काय कापलं, बाजा कुठे लावला. आधी जाड आवाजातली मगर, मग हशासकट मूळ मगर. शेवटचे तीन प्रश्न नरेंद्रने विचारले नाहीत. "ते लोक विचारतील तर विचारतील," तो म्हणाला. भाग गेला, पण ओढ्यावर बाया परत यायला पुढे दोन आठवडे लागले.

*

रविवारी संध्याकाळी शंकरराव आले. पांढरा शर्ट, मनगटावर घड्याळ, बोलणं गोड. उद्याची वेळ ठरवायला ते येणारच होते. ओटीवर शलाका आणि नरेंद्रला पाहून त्यांनी फक्त भुवई उचलली.

"काय बाळाजीशेठ, तयारी झाली?"

"शंकरराव, एक इचारायचं होतं," मामा म्हणाला. "ही आरक्षनाची बातमी. कोनी दिली?"

"अहो, सगळ्या मोबाइलवर आहे."

"मगर पन हाय."

शंकरराव हसले. "ती अफवा आहे."

"आनि ही?"

"ही अधिकृत. आतली माहिती आहे आमच्याकडे. वरपर्यंत ओळखी आहेत."

"मंग कुठल्या जागेवर पडनार, ते म्हाईत असंल. माज्या की किसनच्या?"

"ते असं सांगता येत नाही. म्हणून तर म्हणतो, वेळेत मोकळे व्हा."

मामा अडला. पुढे काय विचारावं, ते त्याला सुचेना. त्याने शलाकाकडे पाहिलं. ती काही बोलली नाही, कारण नरेंद्रने तिला येतानाच सांगून ठेवलं होतं की आज आपण दोघांनी बोलायचं नाही.

दाराच्या चौकटीत मामी उभी होती.

"मी इचारू काय?" ती म्हणाली. शंकररावांना नाही, मामाला.

मामाने मान हलवली.

"आरक्षन पडलं का जागा कोनाला विकता येनार नाय, बरोबर?" मामी शंकररावांना म्हणाली. "मंग तुमी कशाला घेता? तुमच्या इमारतीला आरक्षन लागत नाय काय?"

शंकरराव पाण्याचा पेला उचलून प्यायले. "वहिनी, कंपनीचं वेगळं असतं. वकील असतात."

"वकील आमी पन करू," मामी म्हणाली.

"बाळाजीशेठ, शब्द दिलाय तुम्ही."

"दिलाय," मामा म्हणाला. "तवा मी ऐकून दिला. आता बघून देतो. सोमवारी गाडी आनू नका. मी घरी नसनार, नगरपालिकेत जातो इचारायला."

"उद्या भाव हा राहणार नाही."

"नाय राहिला तर नाय."

शंकरराव उठले. जाताना त्यांनी शलाकाला सांगितलं, आवाज फार छान आहे, जपा.

*

नगरपालिकेतल्या नगररचनेच्या खोलीत मामा, मामी आणि शलाका बाकावर बराच वेळ बसले. मामीने त्या दिवशी बाजार चुकवला होता. जमिनीचा गट नंबर ऐकून कारकुनाने भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली.

"शेतावर आरक्षण नाही," तो म्हणाला. मामाने श्वास सोडला. "थांबा. वरच्या कोपऱ्यातून रस्ता दाखवलाय. बारा मीटर. कधी होईल सांगता येत नाही. घ्यायची वेळ आली तर लेखी नोटीस येते, तुम्हाला हरकत घेता येते. तोवर विका, ठेवा, तुमची मर्जी."

"म्हंजे ते अगदीच खोटं नवतं," मामा बाहेर पडताना म्हणाला.

"कोपऱ्यापुरतं खरं," शलाका म्हणाली. "बाकी बाजा."

नरेंद्र संध्याकाळी आला तेव्हा तो पुढच्या भागाचं बोलत होता: पालेगावात आरक्षण नाही, असा. मामाने त्याला हाताने थांबवलं.

"तो कोपरा सांग."

"कोपरा लहान आहे, मामा. लोक तेवढंच धरून बसतील. शंकरराव म्हणेल, बघा, मी सांगत होतो."

"म्हनू दे. तू कोपरा लपवलास तर मी उद्या तुजं पन कशाला ऐकू?"

नरेंद्रने वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. "बरं," तो म्हणाला. "तुम्हीच सांगा ते. संगीत नको."

मामीला कोपऱ्याचं फार दुःख झालेलं दिसलं नाही. रस्ता येईल तेव्हा येईल, तिकडे यंदा काही लावलंच नव्हतं, ती म्हणाली, आणि उद्याच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधू लागली. मामा तिच्यासमोर बसला आणि नेहमीसारखं जुड्या मोजण्याऐवजी बांधू लागला. ते काम त्याला येत नव्हतं. तिने दोनदा सोडून परत बांधल्या.

शलाका निघाली तेव्हा किसन कुंपणाशी उभा होता. ती येईपर्यंत तो थांबला असावा.

"नगरपालिकेत गेलेलीस म्हने."

"हो, काका."

"बाळाजीच्या जागेला काय नाय निघालं."

"कोपऱ्यातून रस्ता आहे. बाकी काही नाही."

किसनने मान हलवली. त्याच्या जुन्या शेतात आता पत्र्याचं कुंपण लागलं होतं. तो तिकडे पाहत नव्हता.

"माज्या जागेचं इचारलंस काय?"

शलाकाने विचारलं नव्हतं. पण नकाशा समोर होता, आणि पट्टी ठेवली होती त्याच्या खालीच किसनचा गट होता. तिने तो पाहिला होता. त्यावर कसलीच खूण नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

"बरं केलंस," किसन म्हणाला. मग थोडं थांबून, "उद्या इचारशील?"

"तुम्ही चला. आपण दोघं जाऊ."

रिक्षा आली तेव्हा तिने मागे पाहिलं. किसन अजून तिथेच होता, कुंपणाच्या अलीकडे, आणि शेवटी त्याने हात वर करून विचारलं, "सकाळी कितीला उघडतं?"